बाकावरच्या दोन जागा

माझ्या बाबांचा जेवढा देवावर विश्वास होता तेवढाच बँकेवर होता. खरं सांगायचं तर देवाकडे ते बँकेपेक्षा कमी वेळा जात. जंगल खात्यात हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेला माणूस. जुन्या मध्य प्रांताची नागपूर राजधानी होती तेव्हा नोकरीला लागले आणि भोपाळ राजधानी झाल्यावर पेन्शनीत निघाले. बालाघाटच्या बँकेत जायचं म्हणजे इस्त्रीचं धोतर, काळा कोट आणि कापडी पिशवीत गुंडाळलेलं पासबुक. जाळीपलीकडचा कॅशियर पैसे देताना मान वर करून बघायचासुद्धा नाही, आणि बाबांना नेमकं तेच आवडायचं.

"तिथं कोणी ओळख दाखवत नाही," ते म्हणायचे, "म्हणूनच पैसा शाबूत राहते."

मी मुलींच्या शाळेत मास्तरीण होते. साठ साल उलटून गेलं होतं. आई नव्हती, थोरल्या बहिणीचं लग्न झालं होतं, आणि घरात मी आणि बाबा असे दोन तापट लोक राहायचो. गावातल्या शाळांमधल्या लोकांनी मिळून एक पतसंस्था काढली होती. तिला सगळे नुसती सोसायटी म्हणत. दर महिन्याला पगारातून पाच रुपये कापले जायचे आणि अडीनडीला त्यातून कर्ज मिळायचं. सोसायटीचं ऑफिस म्हणजे मुलांच्या शाळेतलं एक लोखंडी कपाट. सेक्रेटरी गणिताचे मास्तर, आणि कपाटाची किल्ली त्यांच्या जानव्याला.

कर्ज देण्याची तिथली रीत मी दुसरीकडे कुठेच पाहिली नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळे सभासद शाळेच्या मोठ्या वर्गात जमायचे. ज्याला कर्ज हवं त्याने समोरच्या एका बाकावर मधोमध बसायचं आणि कशाला हवं ते सगळ्यांदेखत सांगायचं. मग दोघांनी उठून त्याच्या दोन बाजूंना येऊन बसायचं. ते दोघे त्याचे जामीनदार. बाक भरला की कर्ज मंजूर. दोघे आले नाहीत तर माणूस एकटाच उठून परत जायचा.

आज मला ही रीत शहाणपणाची वाटते. तेव्हा अंगावर काटा यायचा. एकदा एका मास्तरांनी त्या बाकावर बसून बायकोच्या दुखण्याचं सांगितलं होतं. सांगता सांगता त्यांचा आवाज गेला, आणि मी खिडकीबाहेर बघत बसले. बाबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "ही काय संस्था आहे? चार मास्तरांची भिशी ती. उद्या एखादा कपाट उचलून नेईल. तू काहून अडकून राहिली त्यात? नाव काढ आणि बँकेत खातं उघड." मला तरी कुठे सगळ्यांपुढे हात पसरायचा होता! मी सोसायटी सोडत असल्याची चिठ्ठी लिहिली आणि सेक्रेटरींच्या हातात दिली. त्यांनी ती वहीत ठेवली आणि पुढच्या मीटिंगमध्ये घेऊ म्हणाले.

त्याच महिन्यात बाबांचा डोळा धोक्यात आला. डावा आधीच गेला होता. त्यात सहा महिने मधाचे थेंब घालून पाहिले होते, म्हणजे काय व्हायचं ते झालंच. उरला होता उजवा, आणि त्यातला मोतीबिंदू फार पिकला होता. गावातल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं आणि सांगितलं की आत दाब वाढतोय, पंधरा-वीस दिवसांत नागपूरला नेऊन ऑपरेशन करा, नाहीतर हाही जाईल. डॉक्टर, खोली, औषधं, चष्मा, जाणं-येणं धरून चारशे रुपये लागणार होते. माझ्याकडे साठ होते. पण मला चिंता वाटली नाही, कारण बाबांचे पैसे होतेच. होते बँकेत, शाबूत.

आम्ही सायकलरिक्शाने बँकेत गेलो. बाबांनी मोठ्या थाटात स्लिपवर सही केली. त्यांची सही म्हणजे शेवटी लांब शेपूट आणि शेपटाखाली दोन टिंबं. त्या दिवशी शेपूट वरच्या ओळीत गेलं आणि टिंबं कागदाबाहेर टेबलावर पडली. कॅशियरने स्लिप परत दिली. दुसरी केली, ती पहिलीहून वाकडी. तिसरीला बाबांनी डोळा कागदाला टेकवला आणि ओठ आवळून लिहिलं. तीही जुळली नाही.

मॅनेजर स्वतः उठून बाहेर आले. भला माणूस होता. बाबांना खुर्ची दिली, पाणी दिलं. "बाबूजी, दस्तखत नहीं मिल रहे," ते म्हणाले, "आप अंगूठा लगा दीजिए, दो गवाह ले आइए, पाँच मिनट का काम है।" त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. उद्या दुसऱ्या कोणी बाबांची सही मारली असती तर ह्याच नियमाने आमचे पैसे वाचले असते.

बाबा उठून उभे राहिले. पासबुक पिशवीत घातलं आणि चाचपडत दाराकडे निघाले.

रिक्शात मी फार बोलले. तोंडाला येईल ते बोलले. बाबा म्हणाले, "तीस वर्षं मी लोकांचे अंगठे घेतले. हे बोट धरून शाईत बुडवलं आणि कागदावर टेकवलं, अशी शेकड्यांनी माणसं पाहिली. आता मी अंगठाबहाद्दर होऊ? त्या पोरासोरांदेखत?"

"मग काय डोळा देता?"

"देतो," ते म्हणाले.

आणि दिलाच असता. माझ्या बापाला मी ओळखत होते. बहिणीच्या नवऱ्याला लिहिलं, त्याचं उत्तर आलं की ह्या महिन्यात जमत नाही. सोनं बहिणीच्या लग्नात गेलेलं. बँक मला कर्ज देणार कशावर? दहा दिवस उरले, आणि रविवार आला. तो महिन्याचा पहिला रविवार होता.

सकाळीच मी सेक्रेटरींना गाठलं आणि मान खाली घालून म्हटलं, माझी ती चिठ्ठी. ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "कौन-सी चिट्ठी, बहनजी? मैंने तो अभी पढ़ी ही नहीं।" वहीत ती चिठ्ठी खूण म्हणून घातलेली मला दिसत होती. ह्या माणसाला पगार नव्हता, भत्ता नव्हता. रविवारचं जेवण थंड करून तो दुसऱ्यांची गाऱ्हाणी ऐकत बसायचा. त्या क्षणी मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पण मी पडले नाही, माझा स्वभाव आडवा आला.

बाकावर बसले. सांगून टाकलं सगळं, बाबांचा डोळा, बँकेतली सही, अंगठा. दोघे-तिघे अंगठ्यावर हसले आणि मला राग आला. मग मागून एका मास्तरांनी विचारलं, "बहनजी तो सोसायटी छोड़ रही थीं न?"

सेक्रेटरी काही बोलण्याआधी मीच म्हटलं, "हो. सोडत होते. ही चार मास्तरांची भिशी आहे असं आमच्या घरी म्हणतात. पण मला बाबांचा डोळा वाचवायचा आहे, आणि दुसरीकडे कुठे पैसे मिळत नाहीत."

मला वाटलं, झालं, आपल्या जिभेने आपणच घात केला. थोड्या वेळाने चित्रकलेचे मास्तर उठले आणि माझ्या डाव्या बाजूला येऊन बसले. ते जवळजवळ सगळ्यांनाच जामीन राहायचे, त्यामुळे कोणाला नवल वाटलं नाही. उजवी जागा मात्र रिकामीच राहिली. माझ्या शाळेतल्या दोघी जणी माझ्याकडे बघत होत्या आणि मी त्यांच्याकडे बघितलं की त्या पदर सारखा करत होत्या. त्यांना दोष कसा देऊ? त्यांच्या संस्थेला मी आत्ताच भिशी म्हटलं होतं.

मीटिंगमध्ये चहा द्यायचं काम आमच्या शाळेच्या चपराशिणीकडे असायचं. आम्ही तिला मावशी म्हणायचो. राजेगावकडची विधवा बाई, वीस वर्षं घंटा वाजवत आलेली. तीही सभासद होती, पण चपराशी लोक मागे भिंतीशी उभे राहायचे आणि शिक्षकाला जामीन राहायला कधी कोणी पुढे आलेला नव्हता. तिने किटली खिडकीत ठेवली, पदराला हात पुसले आणि म्हणाली, "गुर्जी, मी बसली तं चालते का?"

कोणीतरी हसलं. जामीनदाराची ठेव कर्जाच्या निम्मी तरी असायला हवी, असा नियम होता. म्हणजे दोनशे.

"हासता काहून?" मावशी म्हणाली. "माही वही पाहा ना आधी."

सेक्रेटरींनी पान उलटलं आणि मोठ्याने वाचलं. दोनशे सत्तर रुपये. वर्गातल्या निम्म्या मास्तरांची तेवढी ठेव नव्हती. त्यांनी ती वेळोवेळी काढून खाल्ली होती. मावशीने पहिल्या दिवसापासून एक पैसा काढला नव्हता. घरावरचं गवत काढून कवेलू घालायचे म्हणून ती साठवत होती, हे मला ठाऊक होतं. दर पावसाळ्यात तिची शाळेतली सतरंजी मी घरी वाळत घालायला नेत असे, कारण तिचं छप्पर गळायचं आणि रात्री ती सतरंजी अंथरुणावर धरावी लागायची.

ती माझ्या उजव्या बाजूला बसली. तिच्या अंगाला चहाचा आणि रॉकेलच्या स्टोव्हचा वास होता. सेक्रेटरींनी शाईचं पॅड पुढे केलं आणि तिने माझ्या सहीशेजारी आपला अंगठा उमटवला. मी रडले. सगळ्यांदेखत रडले आणि मला त्याची लाज वाटली नाही.

छोट्या लाईनच्या गाडीने गोंदिया आणि तिथून मोठ्या गाडीने नागपूर. आठ दिवस बाबा डोळ्याला पट्टी बांधून, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून उताणे पडले होते. हलायचं नाही, खोकायचं नाही आणि त्यांच्या दृष्टीने सर्वांत कठीण म्हणजे ओरडायचं नाही. चष्मा मिळाला तो सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा जाड. तो लावून त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "किती वाळली तू!"

पैसे कुठून आले हे मी तोवर सांगितलं नव्हतं. 'सोय झाली' एवढंच म्हटलं होतं. घरी आल्यावर सांगितलं. दुसऱ्या दिवशी ते कोट घालून बँकेत गेले आणि सही केली. शेपूट जागेवर, टिंबं जागेवर. चारशे आणि वर व्याज घेऊन आले. "मास्तरांचं कर्ज एक दिवस ठेवायचं नाही," म्हणाले. हप्त्यांनी फेडता आलं असतं, पण ऐकतील ते बाबा कसले.

पुढच्या पहिल्या रविवारी ते माझ्याबरोबर आले. कर्ज फिटलं की जामीनदारांना बोलवून त्यांच्यासमोर कागद रद्द करायची पद्धत होती. चित्रकलेचे मास्तर आले. मावशी किटली घेऊन दारात उभी होती. बाबा बाकावर बसले होते. सेक्रेटरींनी कागद त्यांच्या हातात दिला आणि बाबांनी तो नव्या चष्म्यातून बघितला. माझी सही, मास्तरांची सही, आणि जांभळा अंगठा.

"हा कोणाचा?"

"माहा," मावशी म्हणाली.

"कागद वाचून दाखवला होता तुले कोणी?"

"नाही जी."

"न वाचता अंगठा देला? काय लिहिलं आहे ते माहीत तरी आहे?"

"कागदाले मी काय ओळखतो?" मावशी म्हणाली. "बाईले ओळखतो ना."

बाबांनी तो कागद पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. एकेक शब्द सावकाश. कर्जदाराने रक्कम न भरल्यास ती जामीनदाराच्या ठेवीतून वळती करण्यात येईल, जामीनदारास त्याबाबत तक्रार करता येणार नाही. सगळा वर्ग ऐकत होता. वाचून झाल्यावर त्यांनी विचारलं, "समजलं? तुझे सगळे पैसे गेले असते. आता पुन्हा देशील अंगठा?"

"हौ," मावशी म्हणाली. "काहून नाही?"

बाबा बाकावर एका बाजूला सरकले. "बसा," ते म्हणाले, आणि तिच्या हातातली किटली घेऊन त्यांनी स्वतः खाली ठेवली.

माझी चिठ्ठी सेक्रेटरींनी त्या दिवशी परत दिली. बँकेत मी पुढे खातं उघडलं, आणि बँकेने मला कधी फसवलं नाही. पण ते पाच रुपये माझ्या शेवटच्या पगारापर्यंत कापले गेले.

परत येताना रिक्शात बाबांनी चष्मा काढून मांडीवर धरला होता. मला वाटलं, चष्म्याने डोकं दुखत असेल. बसस्टँड मागे पडल्यावर ते म्हणाले, "तीस वर्षांत मी एकाही माणसाले कागद वाचून दाखवला नाही."