न उचलता काढलेला आठ

लेक पाटीवर इंग्रजी आकडे गिरवायला बसली की मला धास्ती वाटते. माझी शाळा तिसरीतच सुटली, तीही गावाकडं, मराठी आकड्यांवर. नवऱ्याच्या सोनं गाळायच्या कामामागं इकडं केरळात आले, तेव्हा बसच्या पाट्यांवर हे आकडे ओळखायला शिकले. पण ओळखतात डोळे, काढायचं हातानं.

आज तिची मूठ धरून मी आठ काढला: एक गोल, त्यावर दुसरा. लेक थबकली.

"आई, आमच्या बाई असा नाही काढत. पेन्सिल उचलायचीच नाही."

हात धरणाऱ्याचंच वळण लेकराला लागतं. मग माझं अर्धवटपण असंच तिच्या बोटांत उतरणार का? त्या बाईंचे केवढे उपकार, परमुलखातल्या पोरीला जवळ घेऊन शिकवतात, आणि मी घरी बसून त्यांचं शिकवलेलं पुसतेय.

"एवढं घट्ट नको ना धरू, दुखतं. नुसता हात ठेव."

मी बोटं सैल केली. पेन्सिल वरून वळली, मधे तिरकी गेली, खालून फिरली आणि निघाली होती तिथंच परत आली. आठ पुरा झाला. मी हात तसाच ठेवला. पुढं नऊ होता.