रेघेवरची सोंगटी

समोरच्या सुमनताईंनी परवा जिन्यातच हाक मारली आणि घरात नेलं. त्यांच्या लेकीनं जपानहून 'गो' नावाचा खेळ आणला होता. लाकडी पटावर उभ्या-आडव्या रेघा आणि दोन वाट्यांत काळ्या-पांढऱ्या सोंगट्या. फार प्राचीन खेळ म्हणे.

मी सवयीनं पहिली सोंगटी चौकोनात ठेवली. सोंगटी घरात बसते, एवढंच मला माहीत.

"घरात नाही हो, रेघेवर ठेवायची. दोन रेघा मिळतात तिथं," ताई हसून म्हणाल्या. "मग घेरलेली मोकळी जागा आपली."

माझा हात थबकला. मी खेड्यात वाढलेली. बांधावर उभं राहून आतल्या जमिनीवर डोळा ठेवणारी माणसं मी पाहिली आहेत. ती भांडत नाहीत. गोड बोलतात, चहाला बोलावतात आणि दर नांगरटीला बांध थोडा कोरतात. खेळ असेल प्राचीन. आमच्या गावात त्याला पट लागत नाही.

ताई लांब कोपऱ्यात सोंगट्या ठेवत होत्या, अगदी सहज. "घाई नाही हं," म्हणत होत्या. मला त्या 'हं'चाच संशय येत होता. थोड्या वेळानं पाहते तर माझ्या सोंगट्या चहूकडून वेढलेल्या.

चहा पिऊन त्यांच्या घरातून बाहेर आले. आमच्या दोन दारांमधे त्यांची तुळशीची कुंडी असते. दिवाळीत ती त्यांच्या उंबऱ्याशी होती. आता बरोबर मधल्या फरशीच्या रेघेवर होती. उन्हासाठी सरकवली असेल. असेलही.

मी माझ्या घरात गेले, चपलांचं स्टँड उचलून आणलं आणि कुंडीला खेटून त्याच रेघेवर ठेवलं.