वैनींनी पुढं सरकवलेली परात

बायको मंगल गेली आणि आटपाडीकडच्या मल्हारच्या घरात चूल पेटायचीच बंद झाली. चहा-बटरवर दिवस निघायचे. अंगातलं बळ सरलं, झोप उडाली, मेंढरांवरही तो उगाच खेकसू लागला. थोरल्या भावाची बायको बनाबाई ताट पाठवायची. ते तसंच परत यायचं.

एका सकाळी ती स्वतःच उसळ घेऊन आली. परातीत बाजरीचं पीठ काढून तिनं त्याच्यापुढं सरकवलं.

"भावजी, मळा."

"वैनी, मला कुठं येतंय?"

"आईच्या पोटातनं कोण शिकून आलंय? मी हाय की हितं."

पहिली भाकरी तव्यावरच मोडली. दोघंही हसली. मल्हारनं ते तुकडे मटकीच्या उसळीत कुस्करून पोटभर खाल्ले, आणि दुपारी कितीतरी दिवसांनी त्याला गाढ झोप लागली.

मग तो रोज रांधू लागला. कधी मटकी, कधी शेवग्याचा पाला, वर ताक. हळूहळू पायांत जोर आला, डोकं निवलं, परगावी असलेल्या लेकाशी फोनवर तो मोकळं बोलू लागला.

परवा बनाबाई तापानं पडली, तेव्हा तो गरम भाकरी घेऊन गेला.

"वैनी, तुमच्यामुळं मी माणसांत हाय," तो म्हणाला.

तिनं डोळे पुसले. "आजून चतकोर वाढा," ती म्हणाली.