राजाभाऊंचा डावा कोपरा

शनिवार, ११ जानेवारी २०२५ रोजी राजाभाऊ टिपणीस यांनी निनादच्या नोंदणीचे तीनशे पंचवीस दिरहम लीगच्या टेबलावर मोजून दिले. संघाची वर्गणी त्यांच्याकडे जमा असायची, म्हणून पैसे देण्याचं कामही त्यांचंच. टेबलामागच्या मुलीने विचारलं, "ये खेलेगा कहाँ?"

"क्वार्टरबॅक," राजाभाऊ म्हणाले.

तिने यादीवरून बोट फिरवलं. "वहाँ तो राजाभाऊ टिपणीस लिखा है."

"रहने दो. उसके नीचे इसका लिखो."

"साडेसात हजार रुपये झाले," बाजूला उभा असलेला सत्यजित म्हणाला. तो संघाचा कप्तान, आणि निनाद त्याच्या बहिणीचा मुलगा. "एवढ्यात इचलकरंजीला अख्खा कबड्डीचा संघ उभा राहतो, राजाभाऊ."

"राहतो. पण तिथे तुला कप्तान कोण करणार?"

सत्यजित हसला. निनाद मैदानाच्या कडेला एकटाच चेंडू वर फेकून झेलत होता. वीस वर्षांचा, शारजातच वाढलेला, खांद्याने रुंद. राजाभाऊंनी त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि मग मैदानाच्या डाव्या कोपऱ्याकडे. तिथे कुणी नव्हतं. अजून खेळ सुरू व्हायचा होता.

राजाभाऊ त्रेपन्न वर्षांचे. दुबईच्या रास अल खोरमधल्या बांधकाम साहित्याच्या एका गोदामात खरेदी बघायचे. मूळचे कऱ्हाडचे, शाळेत भालाफेकीत जिल्ह्यापर्यंत गेलेले. नोकरीला लागल्यावर भाला सुटला, पण खांदा तसाच राहिला. पंधरा वर्षांपूर्वी गोदामातून माल नेणाऱ्या एका अमेरिकन इंजिनिअरने देश सोडताना एक लांबट चेंडू आणि कापडी पट्ट्यांचा गठ्ठा मागे ठेवला. गोदामातल्या पोरांना अमेरिकन फुटबॉलचा हा पट्ट्यांचा खेळ कळायला एक संध्याकाळ पुरली. पाच विरुद्ध पाच. अंगाला हात लावायचा नाही. प्रत्येकाच्या कमरेला दोन पट्ट्या. चेंडू असलेल्याची पट्टी ओढली की तो डाव तिथेच थांबला. एकाने मागे उभं राहून चेंडू फेकायचा, तो क्वार्टरबॅक. बाकीच्यांनी पळायचं, आणि मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात कुणी चेंडू झेलला की गुण. कबड्डीत मुरलेल्या पायांना हे नवीन नव्हतं. फेकायला राजाभाऊ होतेच. संघाला नाव पडलं गोफण.

आणि झेलायला जहूर होता. जहूर हर्णैचा. गोदामात फोर्कलिफ्ट चालवायचा, राहायचा शारजाच्या औद्योगिक भागात, सहा जणांच्या खोलीत. बारा वर्षं तो राजाभाऊंच्या गाडीतून कामावर आला-गेला. शारजा-दुबई रस्त्यावर गाड्या तासन्तास तुंबतात. तेवढ्या वेळात दोन माणसं एक तर भांडतात, नाही तर एकमेकांची होतात. हे दोघे फारसे बोलायचेच नाहीत, आणि तरी एकमेकांचे झाले.

त्यांची एकच खास चाल होती. जहूर सरळ पळायचा आणि मध्येच डावीकडे वळून कोपरा गाठायचा. तो वळल्यावर चेंडू फेकला तर समोरच्यांना कळणार. म्हणून तो वळायच्या आधीच फेकायचा. राजाभाऊ मनात मोजायचे, एक, दोन, आणि अडीचला चेंडू हातातून सुटायचा. त्या वेळी कोपरा रिकामाच असायचा. चेंडू पोचेपर्यंत तिथे जहूर आलेला असे. सुरुवातीला राजाभाऊ बिचकायचे. "माणूस दिसल्याशिवाय फेकू कसा रे?"

"भाऊ, तुम्ही बघूच नका," जहूर म्हणायचा. "तुम्ही फेका. मी असतो."

२०२२च्या ऑगस्टमध्ये जहूर झोपेत गेला. चाळिशीही पुरी झालेली नव्हती. सगळी कागदपत्रं राजाभाऊंनी केली, आणि पेटी विमानात चढेपर्यंत ते कार्गोच्या दारात उभे राहिले.

थंडी पडल्यावर पुन्हा सामने सुरू झाले. पहिल्याच सामन्यात राजाभाऊंच्या हाताने जुन्या सवयीने अडीचला चेंडू सोडला, कोपऱ्यात. सोडल्यावर त्यांना स्वतःचाच राग आला. पण तो चेंडू पडला कसा, हे त्यांनी नीट पाहिलं. लांबट चेंडू जमिनीला लागला की वाटेल तसा उसळतो, कुठल्या कुठे जातो. हा उसळला नाही. कुणी वाकून ठेवावा तसा पडल्या जागी राहिला.

तिसऱ्या सामन्यात सावल्या दिसल्या. मैदानाला चार खांबांवर दिवे, त्यामुळे उभ्या माणसाच्या पायापासून चार फिक्या सावल्या चार बाजूंना निघतात. कोपऱ्यात तशा चार सावल्या होत्या. त्या जिथे मिळत होत्या तिथे माणूस नव्हता. महिनाभराने माणूसही आला. पाठमोरा, मान थोडी खाली घालून पळणारा. वळला की क्षणभर राजाभाऊंकडे बघायचा, पूर्वी बघायचा तसाच. मध्यंतरानंतर संघांनी बाजू बदलली की तोही बाजू बदलायचा.

राजाभाऊंनी हे फक्त विभावरीला, बायकोला सांगितलं. तेही तुंबलेल्या रस्त्यात, पुढच्या ट्रकचे लाल दिवे बघत.

"बोलतो का काही?" विभावरीने विचारलं.

"नाही. पळतो फक्त."

"भीती वाटते का तुम्हाला?"

"त्याची कसली भीती?"

 विभावरी म्हणाली, "अहो, तरी एकदा डोळे दाखवून घेऊ." डोळे दाखवले. चष्म्याचा नंबरसुद्धा बदललेला नव्हता.

मागच्या वर्षी खांदा दुखावला म्हणून राजाभाऊ दोन सामने बाहेर बसले. फेकायला दुसरं कुणी होतं. दोन्ही सामने त्यांनी कोपऱ्यावरून नजर हलवली नाही, आणि कोपरा नुसता कोपराच राहिला. ते परत उभे राहिले त्या दिवशी जहूर परत आला. तेव्हा त्यांना कळलं की ते फेकतात तोवरच जहूर येतो. जागा सोडली की तो दुसऱ्यांदा जाणार, आणि या वेळी कार्गोच्या दाराशीसुद्धा उभं राहता येणार नाही.

एरवी राजाभाऊ हट्टी नव्हते. गोदामात जुना माल आधी काढायचा, टायर फुटायच्या आधी बदलायचा, हे त्यांनीच लोकांना शिकवलेलं. पण संघ हरत होता. प्रत्येक सामन्यात तीन-चार चेंडू कोपऱ्यात जायचे, आणि तिकडे कुणी पळतच नसे. नवी पोरं आधी चुळबुळली, मग बोलायला लागली. "राजाभाऊ, पास एक नंबर. फक्त झेलायला माणूस ठेवायचा राहिला." दुसरा म्हणाला, "नैवेद्य दाखवतात ते कोपऱ्याला. यल्ला, चला, आरती घ्या." राजाभाऊ हसण्यावारी न्यायचे.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात सत्यजित त्यांना कॅफेटेरियात घेऊन गेला. दोन करक चहा आले.

"राजाभाऊ, राग मानू नका."

"अजून तू काही बोललाच नाहीस."

"निनादला खेळवू या का? पहिल्यापासून. तुम्ही त्याच्यामागे राखीव राहा."

"त्याचा हात जोरात आहे," राजाभाऊ म्हणाले. "पण तो दिसेल त्याला फेकतो. जिथे माणूस येणार आहे तिथे फेकायला वेळ लागतो शिकायला."

"कबूल. आणि तुम्ही जिथे कुणीच येणार नाही तिथे फेकता. त्याचं काय करू?" सत्यजितने पेला खाली ठेवला. "यंत्र असतं तर सांगितलं असतं, इतकी वर्षं झाली, घसारा धरा आणि खलास. माणसाचं कधी झालं हे कसं ठरवायचं, तुम्हीच सांगा. तुम्ही सांगाल तेव्हा."

राजाभाऊंनी चहा संपवला. ते म्हणाले, "मला या महिन्याचे सामने दे."

"इन्शाल्ला," सत्यजित म्हणाला. म्हणजे नाही, हे दोघांनाही कळलं. तरी पुढच्या शनिवारी त्याने राजाभाऊंनाच उभं केलं.

त्या संध्याकाळी धुकं होतं. दिव्यांभोवती पिवळी वर्तुळं पडली होती आणि कुंपणाची जाळी अर्धी दिसत होती. उत्तरार्धात गोफण मागे होती. निनाद मैदानाबाहेर हात मोकळा करत उभा होता, चेंडू या तळव्यातून त्या तळव्यात टाकत. राजाभाऊंच्या हातात चेंडू आला. जहूर निघाला. एक. जहूर सरळ पळत होता. दोन. या वेळी त्याने वळायच्या आधीच मान वळवली, आणि राजाभाऊंकडे पाहिलंच नाही.

त्याने मैदानाबाहेर पाहिलं. निनादकडे. मान तशीच, डोळे तसेच, इतकी वर्षं राजाभाऊंना ओळखीचं असलेलं ते बघणं. हात दोन्ही उघडे, छातीशी, झेलायला तयार. पण तोंड त्या मुलाकडे.

अडीच होऊन गेलं. राजाभाऊंच्या हातात चेंडू तसाच राहिला. कुणीतरी येऊन त्यांच्या कमरेची पट्टी ओढून नेली, तेसुद्धा त्यांना शिट्टी वाजल्यावर कळलं.

"राजाभाऊ, काय झालं?" सत्यजित धावत आला. "बरं वाटत नाही का?"

"झालं," राजाभाऊ म्हणाले. "कधी झालं ते विचारत होतास ना. आत्ता झालं." ते चालत बाहेर आले आणि चेंडू त्यांनी निनादच्या हातात दिला. "जा तू."

"काका, आर यू शुअर?"

"जा म्हणतो ना."

बाकावर बसून त्यांनी कोपऱ्याकडे पाहिलं. माणूस नव्हता. सावल्या नव्हत्या. हिरवी नकली हिरवळ, पांढरी रेघ, जाळी. सामना संपेपर्यंत ते बघत राहिले. निनादने दिसेल त्याला फेकलं, चांगलं फेकलं, आणि गोफण जिंकली. पोरांनी आरडाओरडा करून त्याला उचललं. विभावरी राजाभाऊंना घ्यायला आली होती. तिने नवऱ्याचा चेहरा पाहिला आणि निकाल विचारला नाही.

सगळे पांगायला लागले तेव्हा निनाद त्यांच्याजवळ आला. "काका, वन क्वेश्चन. अडीच म्हणजे काय?"

राजाभाऊंनी बुटाची नाडी सोडता सोडता हात थांबवला. "कुणी सांगितलं तुला?"

"दॅट गाय इन द कॉर्नर. तो दुसऱ्या टीमचा नव्हता, आय थिंक. ही जस्ट सेड, अडीच. दोनदा." निनादने खांदे उडवले. "आय थॉट इट्स अ नेम."

विभावरीने राजाभाऊंच्या खांद्यावर हात ठेवला. दोन वर्षांत जहूर राजाभाऊंशी एक शब्द बोलला नव्हता.

 या मुलाला तिकडे बघू नकोस म्हणावं, की खेळच सोड म्हणावं? निनादच्या चेहऱ्यावर भीतीचा लवलेश नव्हता. नवीन जागी कुणी रस्ता दाखवला तर माणसाला वाटतं, तेवढंच त्याला वाटलं होतं.

"टू अँड अ हाफ," शेवटी राजाभाऊ म्हणाले. "मनात मोजायचं. एक, दोन, आणि अडीचला सोडायचा. तो वळायची वाट बघायची नाही."

"बट देन देअर इज नोबडी देअर."

"नसतो. तरी सोडायचा. बघू नकोस. तो असतो."

निनादने मान डोलावली आणि पुटपुटत गेला, एक, दोन, अडीच. मराठी अंक त्याच्या जिभेवर अडखळत होते. तिसरा मात्र अडखळला नाही.

रमझानच्या आधीचा शेवटचा सामना २२ फेब्रुवारीला झाला. राजाभाऊ सुरुवातीपासून बाकावर होते, शेजारी विभावरी. शेवटची दोन मिनिटं उरली तेव्हा गोफणला टोकाच्या पट्ट्यात एका झेलाची गरज होती. निनादने चेंडू घेतला, दोन पावलं मागे गेला. राजाभाऊंचे ओठ हलले. अडीचला त्याच्या हातातून चेंडू सुटला, डाव्या कोपऱ्याकडे, जिथे आपल्या किंवा समोरच्या संघाचं कुणीही नव्हतं.

चेंडू उंच गेला, दिव्यांच्या वर, आणि खाली यायला लागला. राजाभाऊंनी तो खाली येताना पाहिला. माणसाच्या छातीइतक्या उंचीपर्यंत पाहिला. त्यापुढे त्यांना काही दिसलं नाही.

जमिनीला लागल्याचा आवाज आला नाही. पंचांनी शिट्टी ओठात घेतली होती, ती तशीच राहिली. समोरचे दोन खेळाडू कोपऱ्यात जाऊन उभे राहिले आणि एकमेकांकडे बघत राहिले. जाळी वीस फूट उंच, चेंडू तिच्यावरून गेला नव्हता हे सगळ्यांनी पाहिलं होतं. तरी दोघे बाहेर जाऊन वाळूत शोधून आले. शेवटी पंचांनी पास वाया गेला असं ठरवलं आणि दुसरा चेंडू मागवला. गोफण हरली.

निनाद मात्र हसत बाकाकडे आला. "काका, यू सॉ? ही कॉट इट."

"नाही, मला नाही दिसलं," राजाभाऊ म्हणाले. "कसा झेलला?"

"टू हँड्स. चेस्टवर." त्याने करून दाखवलं. मान थोडी खाली, कोपर अंगाला लागलेले. हर्णैचा एक माणूस तसाच झेलायचा, आणि त्याला झेलताना निनादने कधी पाहिलेलं नव्हतं.

"चांगला झेलला," राजाभाऊ म्हणाले. ते उठले, एकटेच कोपऱ्यापर्यंत गेले, रेघेवर थोडा वेळ उभे राहिले आणि परत आले. "चला," ते विभावरीला म्हणाले, "रस्ता तुंबायच्या आत निघू."

चेंडू सापडला नाही. लीगने त्याचे पंच्याण्णव दिरहम गोफणकडे मागितले आहेत. ते अजून द्यायचे आहेत.