पांढरा दोरा

माझ्या सासूबाई शांतव्वा कुणाच्या बापाला घाबरत नसत. आमच्या गडमुडशिंगी गावात त्यांना द्यायच्या दुधात पाणी घालायची कुणाची छाती नव्हती. पण २००३ च्या उन्हाळ्यात त्या घाबरल्या, आणि ते फक्त मला माहीत होतं.

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या डॉक्टरांनी त्यांना काचबिंदू सांगितला होता. गेलेली नजर परत येत नाही म्हणाले, आहे ती टिकवायची. परतताना रिक्षात सासूबाईंनी माझा हात घट्ट धरला. "वीरेशला सांगू नगंस. ट्रंक माळ्यावर टाकंल त्यो."

ट्रंकेत सासऱ्यांनी पांगाऱ्याच्या हलक्या लाकडात कोरलेल्या अकरा कळसूत्री बाहुल्या होत्या. १९९४ ला सासरे गेले, तेव्हापासून शाळेत, उरुसात, गणपतीत त्या बाहुल्या शांतव्वाच नाचवत. वीरेश, म्हणजे माझा नवरा, पेटी वाजवायचा आणि मी झांज. हल्ली त्याचं एकच टुमणं होतं. "एकदा खेळ फसला की बंद. लोकांनी हसायच्या आत थांबायचं." स्वतःचे सूर किती फसायचे, ते मी कधी बोलून दाखवलं नाही.

आमचा पडदा काळा, दोरेही काळे. दोरा दिसला की खेळ मेला, असं सासरे म्हणायचे. पण काळ्यावर काळं शांतव्वांना आता दिसतच नव्हतं. गुंता झाला तर सोडवायचा कसा, या धास्तीनं त्यांच्या घशाखाली घास उतरेना. शेवटी शाळेतल्या खेळाआधी त्यांनी नाचणाऱ्या बाहुलीचे सातही दोरे गुपचूप बदलले. मला पत्ताच नाही.

दिवा लागला. सात पांढरे दोरे लख्ख दिसत होते.

"दोरा दिसतोय! दोरा दिसतोय!" मुलं ओरडली. वीरेशनं पेटी थांबवली. पडद्यामागं वर फळीवर उभ्या शांतव्वांच्या हातातली, दोरे बांधलेली लाकडी फुली थरथरत होती आणि खाली बाहुली ताप चढल्यासारखी कापत होती. आता संपलं, असंच मला वाटलं. रागही आला. मला एका शब्दानं विचारलं असतं तर!

मग बाहुलीनं मान वर केली.

"वर कोण हाय गं?" शांतव्वांनी नाचणारीच्या बारीक आवाजात विचारलं.

"मी हाय." हा त्यांचा स्वतःचा आवाज.

"पांढरा दोरा का लावलास?"

"काळा दिसत न्हाय मला. डोळं चाललं माझं."

मुलं हसली. त्यांना तो खेळच वाटला.

"मग पोराला सांगायचं की!"

"भ्या वाटतंय. तुला माझ्या हातातनं काढून घील त्यो."

बाहुली हळूहळू वळली आणि बाजूला पेटीवर बसलेल्या वीरेशसमोर उभी राहिली. वीरेशच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पुसायचंही भान नव्हतं त्याला.

त्यानं मान वर करून फळीकडं बघितलं.

"अव्वा, चुकलं तर चुकू दे," तो म्हणाला आणि त्यानं भाता ओढला.