वार्निशचा सिग्नल

चव्वेचाळिसाव्या वर्षी पीएचडी करणाऱ्या बाईला घरचे लोक समजून घेतात, म्हणजे विषयच काढत नाहीत. मी अमरावतीच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. माझ्या नोंदणीची शेवटची मुदतवाढ त्या उन्हाळ्यात संपत होती आणि प्रबंधात घालायला एकही आलेख हाताशी नव्हता. सिग्नल मिळाला तर प्रबंध, नाहीतर सात वर्षं पाण्यात.

विषय सांगते, घाबरू नका. चुंबकात ठेवलेल्या पदार्थातला हायड्रोजन अगदी क्षीण सिग्नल देतो. एमआरआय त्याच्यावरच चालतो. इलेक्ट्रॉन त्याच्यापेक्षा शेकडो पटींनी तगडा चुंबक. त्याची ताकद हायड्रोजनकडे सोपवता आली, तर सिग्नल कितीतरी वाढतो. त्यासाठी मायक्रोवेव्हचे छोटे छोटे झटके द्यायचे. बांधकामावर विटा वर फेकतात तसंच हे काम. फेकणाऱ्यात कितीही जोर असो, झेलणाऱ्याच्या लयीत फेकली तरच वीट हातात बसते. माझं सगळं संशोधन म्हणजे दोन झटक्यांमधलं नेमकं अंतर शोधणं.

नमुना थंड ठेवायला द्रव नायट्रोजन लागतो. जनावरांच्या कृत्रिम रेतनासाठी मिळतो, तोच. पहिल्यांदा आणायला गेले तेव्हा तिथल्या माणसानं विचारलं, "मॅडम, म्हशी किती हायेत तुमच्याकडं?"

"एकच हाय," मी म्हटलं, "अन् तेबी दूध देऊन नाई राहिली."

नमुन्याभोवतीची, सिग्नल पकडणारी कॉइल मी अकोल्याहून करून आणली. माहेरच्या घराजवळ एक चाचा पंपाच्या मोटारी वाइंड करतात. त्यांनी चष्मा कपाळावर सारला आणि ती बारीक तार नुसत्या बोटांच्या अंदाजानं गुंडाळून दिली.

मे महिन्यात एका सकाळी पडद्यावर सिग्नलचं टेकाड दिसलं. मायक्रोवेव्ह अजून सुरूही केला नव्हता! मी खुर्चीतून उडालेच. लगेच नागपूरला गाइड सरांना फोन लावला. ते एवढंच म्हणाले, "सॅम्पल काढून पाहिलं का?"

काढलं. टेकाड तिथंच, तसूभरही कमी नाही. म्हणजे सिग्नल नमुन्याचा नव्हताच. मग फोन अकोल्याला.

"चाचा, कॉइलले काही लावलं काय तुमी?"

"वार्निश देलं ना, मॅडम."

"कावून?"

"कावून म्हंजे? वार्निश नाई देलं तं तार हालते, मोटर जळते. तुमच्या कामात कसर ठेवीन काय मी?"

त्यांचं काय चुकलं? मी सांगितलंच नव्हतं. वार्निशमध्ये हायड्रोजन ठासून भरलेला, माझ्या नमुन्यात तो मुद्दामच कमी ठेवलेला. मी वार्निशसाठी नाचले होते. स्वतःचाच इतका राग आला की रडू फुटलं, आणि नवी कॉइल करायला दिवस उरले नव्हते.

तशीच चिडून डबा खायला बसले आणि दुसऱ्या घासाला डोक्यात लख्ख झालं. विटा फेकणारे मोकळे इलेक्ट्रॉन मी फक्त नमुन्यात मिसळलेत, वार्निशमध्ये नाहीत. झटके दिले तरी वार्निश ढिम्म राहणार. जे वाढेल ते माझं!

हात जेमतेम धुतले. नमुना परत घातला, झटके सुरू केले. टेकाड वाढलं. केवढं वाढलं! पडद्याच्या वरून बाहेर गेलं, मला मोजमापच बदलावं लागलं. झटक्यांमधलं अंतर जरा चुकवलं, खाली बसलं. जुळवलं, पुन्हा उठलं. नमुना काढून झटके दिले, तर वार्निश होतं तेवढंच. हे सगळं मी अकरा वेळा केलं. पहिल्या तीन वेळा खात्रीसाठी, उरलेल्या आठ वेळा निव्वळ आनंदासाठी.

मग पुन्हा नागपूर. "सर, सिग्नल वाढला." पलीकडून काही विचारलं जायच्या आत मी धडाधडा बोलत सुटले, "सॅम्पल काढून पाहिलं. मायक्रोवेव्ह बंद करून पाहिला. अंतर बदलून पाहिलं."

"मग मला फोन कशाला करताय?" सर म्हणाले. "लिहायला बसा."