खांबाखालचा कोळसा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर सांगायलाच हवं होतं, कारण त्या कोळशाचा शेक तिनेच घेतला.

थांबा, नीट सांगतो. निजामाचं राज्य होतं, परभणीत वीज नवी होती. तारा ओढायच्या कामावर मी करीमभाईंच्या हाताखाली होतो. उस्ताद भारी कडक — आणि तितकेच मायाळू! मी भाकरी विसरलो की आपली अर्धी मोडून द्यायचे, वर शिव्याही द्यायचे. लोखंडी खांब उभा केला की त्याला जोडलेली एक तार शेजारच्या खड्ड्यात पुरायची आणि खड्डा कोळसा नि मीठ घालून भरायचा, हा त्यांचा नेम. खांबात कधी वीज उतरलीच तर ती सरळ जमिनीत जाते, फ्यूज उडतो, माणूस वाचतो.

स्टेशनकडच्या एका खांबाचा खड्डा मला एकट्याला भरायचा होता. बायको, इंदू, तेव्हा बाळंतीण. बाजेखालच्या शेगडीला कोळसा मिळेना, लढाईचे दिवस. मग — काय करणार होतो मी? नाही, हे विचारणंच खोटं आहे. करीमभाईंकडे मागितला असता तर त्यांनी स्वतःच्या पाठीवर आणून दिला असता. मी पोतं घरी नेलं आणि खड्डा नुसत्या मातीने भरला. खांब लोखंडाचाच, कंबरभर जमिनीत गाडलेला. वीज त्याच्यातूनच उतरेल की — अशी मनाची समजूत घातली.

"कोळसा घातलास ना रे नीट?"

"घातला, उस्ताद."

वैशाखात काळी माती भेगाळली, खांबाभोवती फट पडली; अशा सुक्या मातीत वीज नीट उतरत नाही. विजेची तार खांबापासून अलग ठेवणारी वरची चिनी मातीची वाटी तडकली आणि तार खांबाला टेकली. भर दुपारी करीमभाई बघायला गेले. फ्यूज उडालेला नाही, म्हणजे खांबात वीज नाही — या भरवशावर त्यांनी हात लावला. जीव वाचला. उजवा पंजा कायमचा आखडला.

दवाखान्यात आमचे वीजखात्याचे साहेब म्हणाले, खड्डा उकरून बघू.

"कशाला साहेब? त्यो यानं भरलाय, मला ठाव हाय. चूक माझीच, लय घाई केली."

मी शेजारीच उभा होतो. 

पुढे कित्येक वर्षं रोज सकाळी त्यांच्या सदऱ्याची बटणं मी लावून द्यायचो. ते डावा हात माझ्या डोक्यावर ठेवून दुआ द्यायचे. मी ती घ्यायचो.